दुपारची गोळी

"कळलं."

दादांचं उत्तर एवढंच. चहा आलाय म्हणा, नळाचं पाणी गेलंय म्हणा, कुणाकडे बाळ झालंय म्हणा नाहीतर कुणी वारलंय म्हणा. दादा हातातला गुलाब डोळ्यांसमोर धरून एकदा पूर्ण फिरवणार, बाजूला ठेवणार आणि म्हणणार, "कळलं." आवाज वर जायचा नाही, खाली यायचा नाही. चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्याशी दोनदा बोलतो, तिसऱ्यांदा कंटाळतो आणि तोंड फिरवतो. मला ती सोय नव्हती. तीन वर्षं टेबलाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ते, मध्ये हातभर अंतर.

परंदवडीच्या शिवारात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, तिथल्या ग्रेडिंगच्या हॉलमध्ये मी कामाला आहे. सकाळी कापलेली फुलं आमच्याकडे येतात. खालची पानं नि काटे काढायचे, दांडा टेबलावरच्या खुणांना लावायचा, लांबीप्रमाणे ढीग करायचे आणि वीस-वीसचे बंच बांधून कोल्ड रूममध्ये पाठवायचे. मान वाकडी असलेली नाहीतर पाकळीला काळी कड आलेली कळी बाद. प्रत्येक बंचात बांधणाऱ्याची चिठ्ठी घालतात. माल खराब निघाला तर कुणाला झापायचं ते सुपरवायझरला शोधावं लागत नाही.

आता माझं सांगते. हॉलमधल्या बायका मला रेडिओ म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. माहेर टाकवे बुद्रुक, सासर घोरावाडी, दोन्हीकडचं सगळं माझ्या तोंडात असतं आणि ते बाहेर आल्याशिवाय मला घास जात नाही. अशा बाईच्या समोर सुपरवायझरने दादांना बसवलं. म्हणाला, "मावशी, तुम्हाला ऐकणारा पाहिजे होता ना, घ्या."

त्यांना पहिल्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ घेऊन आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचा धाकटा जास्त बोलत न्हाई, पन कामाला लय चोख हाय." मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात खरं सांगितलं. दादा शिकलेले, तळेगावच्या एका कंपनीत मालाची तपासणी करायचे. चोविसाव्या वर्षी त्यांना कुणीतरी बोलतंय असं ऐकू यायला लागलं. दवाखाना झाला, देवऋषी झाला, परत दवाखाना झाला. स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याला. गोळ्यांनी आवाज थांबले, पण त्यानंतर पंधरा वर्षं दादा घरामागच्या गोठ्याजवळ बसून होते. "सकाळची नि रातची गोळी आमी देतो," भाऊ म्हणाले. "दुपारची तुमी द्याल का? दिली की गिळली का न्हाई तेवढं बगा."

मी हो म्हटलं. गोळ्यांचं पाकीट माझ्या डब्याच्या पिशवीत राहायला लागलं. दुपारी डबे उघडले की दादा काही न बोलता तळहात पुढे करायचे. हात थोडा थरथरायचा. मी गोळी ठेवायची, ते पाण्याबरोबर घ्यायचे आणि तोंड उघडून दाखवायचे, शाळेत नखं दाखवतात तसं. मी सांगायचे, "अहो, नका दाखवू, विश्वास हाय माजा." तरी दुसऱ्या दिवशी परत दाखवायचे.

त्यांना हसवायचं, हा आमच्या हॉलचा उद्योगच झाला होता. माझी टाकव्याच्या म्हशीची गोष्ट आहे, ती ऐकून मयताला आलेला माणूसही हसेल. माझ्या लग्नात वडलांनी एक म्हैस दिली. तिला सवय आईच्या लुगड्याची. पुरुषाला जवळ येऊ देईना. एकदा सासू गावाला आणि मी तापाने फणफणलेली, तेव्हा सासरे सासूचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढायला बसले, आणि नेमका त्याच वेळी तलाठी दारात. बायका टेबलावर डोकी टेकून हसत होत्या. दादांनी गुलाब फिरवला.

"कळलं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "दूध दिलं का म्हशीनं?"

"दिलं की."

"बरं झालं."

एकदा मालकांच्या मिसेस हॉल बघायला आल्या. दादांजवळ थांबून गोड आवाजात विचारलं, "काय वाटतं तुम्हाला हे फुलांचं काम करताना?" दादा म्हणाले, "काम वाटतं." फेब्रुवारीत परदेशी माल जातो, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सुपरवायझर नवीन पोरींना समजावत होता की प्रेमाच्या दिवशी तिकडे माणसं एकमेकांना गुलाब देतात. दादांनी मान वर केली. "मग वीस कशाला बांधायचे? एकाला एक पुरं." सगळ्या खिदळल्या. दादांना त्यात हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही. मला वाटतं, त्यांना वीस बांधणं मनापासून पटलेलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या वर्षी आमचे हे गेले. सकाळी चहा पिऊन उठले आणि दारातच बसले, ते बसलेच. तेरावं आटोपून मी कामावर आले तेव्हा हॉलमधल्या एकेकीने मला मिठी मारली, रडल्या, मीही रडले. दादा समोर बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "दादा, आमचे हे गेले."

"कळलं."

माझं टाळकंच सरकलं. मी सगळ्यांदेखत बोलले, "अहो, तुमाला काय वाटतं का न्हाई? माणूस हाय का धोंडा?"

"वाटतं," ते म्हणाले आणि पुढचा गुलाब उचलला.

मी त्यांच्याशी आठ-दहा दिवस बोलले नाही. माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला समजणार नाही. त्या दिवसांत माझं कामात लक्ष नव्हतं, हात चालायचे पण डोळे भलतीकडे असायचे. आणि गंमत बघा, माझ्या मालाची एक तक्रार नाही. उलट ज्यांचा तोवर एक बंच परत आला नव्हता, त्या दादांचा माल रोज परत यायला लागला. वाकड्या मानेच्या कळ्या, चाळीस सेंटीमीटरच्या ढिगात पन्नासचे दांडे. सुपरवायझर त्यांना रोज झापायचा. मीसुद्धा एकदा त्यात माझा सूर लावला, म्हटलं, बघून बांधावं माणसाने.

महिन्याभराने एका परत आलेल्या बंचावर नजर गेली. आत चिठ्ठी दादांची होती. पण रबर दोन पीळ देऊन अडकवलेलं होतं, आणि हॉलमध्ये दोन पीळ मी एकटीच देते. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मी खराब बंच बांधून बादलीत टाकले की दादा माझी चिठ्ठी काढून स्वतःची घालत होते, आणि त्यांच्या चांगल्या बंचात माझी.

मी विचारलं, "दादा, असं का केलं?"

"तुमचं ध्यान नव्हतं," ते म्हणाले.

एवढं झाल्यावर एखाद्या शहाण्या बाईला समजलं असतं, की या माणसाचं सगळं हातात आहे, चेहऱ्यात शोधू नये. मला समजलं नाही. मला त्यांचं हसू हवं होतं. हे गेल्यावर घर खायला उठायचं. पोरगा सुनेला घेऊन पिंपरीला राहायला गेलेला, त्याची खोली रिकामी, रविवारी फोन येतो तोही घाईचा. संध्याकाळी मी भिंतींशी बोलायचे. दिवसभर निदान समोर माणूस होता, तर त्याने एकदा तरी माझ्या बोलण्यावर हसावं, हळहळावं असं मला फार वाटायचं. दादांची ही गरज नव्हती. माझी होती.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न ठरायची वेळ आली. दादांची वहिनी एका दुपारी हॉलच्या मागच्या दाराशी मला भेटायला आली. बाई वाईट नव्हती, पंधरा वर्षं तिने दिराचं केलं होतं. म्हणाली, "मावशी, पंधरा दिसांनी पाव्हणे येणार हायेत पोरीला बगायला. भाऊजींचं तोंड ह्ये असं लाकडावानी, हात थरथरतो. कोण बी वळखंल. मंग इच्यारतील, घरात येड हाय का म्हनून."

"मग हो?"

"गोळ्यांनीच हुतं ह्ये सगळं. आवाज तर कधीच गेल्यात. म्या सकाळची नि रातची बंद करते, तुमी दुपारची नगा देऊ. पाव्हणे जाईस्तोवर."

मी एक शब्दही आडवा टाकला नाही. डॉक्टरांना विचारलं का, एवढंसुद्धा विचारलं नाही. उलट म्हटलं, "मला बी तसंच वाटतंय, वैनी." आणि खरंच वाटत होतं. त्या गोळीनेच ह्या माणसाचं हसू गिळलंय अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. दादांनी तळहात पुढे केला. मी म्हटलं, "आजपास्नं नको."

तळहात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणले?"

"व्हय," मी म्हणाले.

"कळलं." हात मागे घेतला आणि भाकरी मोडली.

खोटं मी आयुष्यात भरपूर बोलले आहे. हे एक मला अजून पचलेलं नाही.

आठवडाभर काही झालं नाही. मग हाताचा थरथराट कमी झाला. चालताना पाय ओढायचे ते थांबले. एक दिवस टेबलाच्या पलीकडून गुणगुणणं ऐकू आलं, आणि मी मान वर केली तर दादा. बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. आणि दहाव्या की अकराव्या दिवशी, काही विषय नसताना, ते म्हणाले, "मावशी, तो तलाठी काय म्हणला वो, तुमच्या सासऱ्याला बघून?"

मी म्हटलं, "तलाठी म्हणला, वैनी, सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

आणि दादा हसले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. समोरचे दोन दात जरा पुढे आहेत हे मला त्या दिवशी समजलं. आख्खा हॉल उठून उभा राहिला. कुणीतरी पळत जाऊन चहा मागवला. मी तर घरी जाताना रस्त्याने एकटीच हसत होते, आणि पोराला मीच फोन लावला, म्हटलं, अरे, आमचे दादा बरे झाले.

पुढचे दिवस तर काय सांगू. दादा बोलायचे. कंपनीत असताना वर्तुळाचा व्यास केसाएवढा चुकला तरी बोटाला समजायचं, ते सांगायचे. आई गेली तेव्हा रडायचं होतं पण आलं नाही, लोक नावं ठेवत होते, ते सांगायचे. मी ऐकायचे. हो, मी. पाहुणे आले, बघून गेले. दादांनी त्यांना पानाचं तबक दिलं, दोन गोष्टी बोलले, आणि लग्न ठरलं. गोळ्या परत सुरू करायच्या होत्या, ठरलं होतं तसं. पण वहिनी म्हणाली, बरे झालेत की. मीही म्हटलं, बरे झालेत की.

नंतर त्यांची झोप उडाली. बोलणं वाढलं, मग ते माझ्याशी कमी आणि दुसऱ्याच कुणाशी जास्त व्हायला लागलं. कळ्यांना आम्ही जाळीच्या टोप्या घालतो, त्या टोप्या ते काढून टाकू लागले. म्हणायचे, "आत ऐकत बसल्यात." मी घाबरले, पण कुणाला बोलले नाही. बोलले असते तर माझंच बाहेर आलं असतं. एका सकाळी दादा जागेवर दिसेनात. दोन-तीन तास सगळ्यांना वाटलं घरी गेले. मी बंच ठेवायला कोल्ड रूमचं दार उघडलं, तर बादल्यांच्या मागे गुडघे छातीशी घेऊन बसलेले. ओठ निळे. अंगातला शर्ट गार, ओला. मला बघून कानांवर हात ठेवून म्हणाले, "मावशी, दार लावा. हितं मशीनच्या घरघरीत आवाज कमी येतात."

तो चेहरा मात्र हलत होता. सगळी भीती त्यावर दिसत होती. मला बघवेना.

पुण्याच्या दवाखान्यात दोन महिने, आणि तिथून लोणावळ्याला. लोणावळ्याच्या बाहेरच्या बाजूला अशा माणसांना पुन्हा उभं करायचं एक केंद्र आहे, वर्षभर ठेवून घेतात. मी एक रविवार सोडून एक रविवार जायचे. घोरावाडीला लोकल पकडायची, लोणावळ्याला उतरायचं, फिरायला आलेल्यांच्या गर्दीतून पुढे चालत जायचं. लोकांच्या हातात चिक्कीचे पुडे, माझ्या हातात भाकरीचा डबा. सुरुवातीला ते माझ्याकडे बघायचेही नाहीत. चेहरा पहिल्यापेक्षा जास्त लाकडी झालेला. मी तासभर बोलायचे, टाकवं, घोरावाडी, हॉल, घर, पोराची रिकामी खोली, आणि परत यायचे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी एकदा सगळं सांगून टाकलं. गोळी कुणी बंद केली, डॉक्टरांचं नाव कुणी खोटं घेतलं, सगळं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, ही चूक पुष्कळ घरांत होते. या आजारात चेहरा थंड पडतो. थोडा आजाराने, थोडा गोळ्यांनी, आणि गोळ्यांचं आम्हाला कमी-जास्त करता येतं, तुम्ही विचारायचं फक्त. पण हसू आलं म्हणजे आजार गेला असं नसतं. आणि हसू नाही म्हणजे आत काही नाही, असंही नसतं."

"मग बरे व्हतील का?"

"पूर्वीसारखे होतील का ते मी नाही सांगू शकत. पण काम करतील, स्वतःचं बघतील, बाहेर राहतील. त्याला दोन गोष्टी लागतात. गोळी चुकायला नको, आणि घरी एक माणूस हवं. एकच, पण हवं. ते असलं की यांची आशा चांगली आहे, मी बघितलीत अशी माणसं."

पावसाळा संपत आला तेव्हा दादा सुधारलेले दिसायला लागले. बागेचं काम बघायचे. गोळी स्वतः मागून घ्यायचे. आणि मी रविवारी पोचायच्या आधीच व्हरांड्यात दोन खुर्च्या समोरासमोर लावलेल्या असायच्या, हातभर अंतरावर. तिथल्या बाईंनी सांगितलं, ज्या रविवारी मी येत नाही त्या रविवारीही लावतात, आणि संध्याकाळी परत उचलून ठेवतात.

एका रविवारी ते आपण होऊन बोलले. "हॉलमधी माझी जागा हाय का?"

"हाय की. मालक म्हणाले, कधी बी या."

"मग मी येतो. तुमच्या पोराची खोली रिकामी हाय ना. मी तितं राहीन. सकाळी संगं कामावर जाऊ. गोळी मी घेतो, तुमी नुसतं बगा."

मीच शंभर वेळा सांगितलेलं होतं ना, खोली रिकामी आहे म्हणून. मी म्हटलं, "बगू."

"कपडे दोनच हायेत. जागा लय लागणार न्हाई," दादा म्हणाले. तीन वर्षांत आणि त्या एका वर्षात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी पोराला विचारलं. तो म्हणाला, "आई, तू एकटी, त्यात परका माणूस, आणि तोही असला? डोकं फिरलंय का तुझं?" शेजारच्या बाईला सहज म्हणून बोलले, तर ती तोंडाला पदर लावून हसली आणि दोन दिवसांत गल्लीला समजलं. पण सगळं यांच्यावर ढकलणार नाही. मला स्वतःला भीती वाटत होती. कोल्ड रूममधला तो चेहरा माझ्या घरात, पलीकडच्या खोलीत, आणि बघायला मी एकटी. गोळी माझ्या हातात. त्या हातावर माझाच विश्वास राहिला नव्हता.

वर्ष भरलं. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. खोलीत त्या, दादांचे थोरले भाऊ, मी आणि दादा. दादांनी शर्ट खोचलेला, केस पाण्याने बसवलेले. पायाशी एक कापडी पिशवी होती.

भाऊ खाली बघून म्हणाले, "मॅडम, घरी न्हाई नेता येत. पोरीच्या सासरी सांगितलंय, काका भाईरगावी नोकरीला असतो. आता त्यो दिसला तर पोरीचं कसं?" त्यांचा आवाज फाटला. त्या माणसालाही वाईट वाटत होतं, मी काही त्यांच्यावर बोट ठेवणार नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "मावशी, दादा म्हणत होते, तुमच्याकडे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्यावर सोडलं.

मी माझ्या डब्याच्या पिशवीच्या बंदाला गाठ मारली. सोडली. परत मारली. तोंड उघडलं आणि शब्द येईना. रेडिओ म्हणतात मला. मी मान वर केली तेव्हा दादा माझ्याकडे बघत होते, किती वेळापासून कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर मात्र सगळं असणार, कारण माझं असंच आहे, मला झाकता येत नाही.

"मला न्हाई जायचं," दादा म्हणाले.

"काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात तर तुम्ही..."

"तवा म्हणलो. आता न्हाई. मला कुटंच न्हाई जायचं."

"मावशींकडेसुद्धा?"

"न्हाई. लय बोलत्यात."

भाऊ हसले, सुटल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. डॉक्टर, ते खोटं बोलतायत, मला बघून बोलतायत, एवढंच म्हणायचं होतं. दादांच्या पायाशी भरून ठेवलेली पिशवी मला दिसत होती, त्यांनाही दिसली असेल. मी गप्प बसले. त्यांनी कागदावर लिहिलं, आणि दादांनी पायाने पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

फाटकापर्यंत ते सोडायला आले. मी रडत होते. म्हणाले, "मावशी, सव्वापाचची गाडी हाय. चुकंल."

केंद्रात वर्षाच्या पुढे ठेवत नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांना दूरच्या जिल्ह्यातल्या एका आश्रमात नेलं, जिथे माणसं कायमची राहतात. तिथे गुलाब नाहीत, काम नाही, आणि माझ्याकडून जायला एक दिवस नि यायला एक दिवस लागतो. मी अजून गेलेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ.

त्या दिवशी स्टेशनच्या रस्त्याला थोरले भाऊ माझ्याबरोबर होते. मी डोळे पुसतेय हे बघून त्यांनी माझी समजूत काढली, अगदी मनापासून. म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुमी एवढं केलंत, पन त्याला काय त्याचं? त्याला कुणाचं काय वाटतच न्हाई."

मी म्हणाले, "व्हय."